सायटोकाइन स्टॉर्म: रक्षण करणाऱ्या पेशीच जिवावर उठतात तेव्हा शरीरात काय घडतं?

भारतात विकसित झालेल्या पहिल्या कार-टी सेल थेरपीच्या चाचण्यांचे निष्कर्ष मार्च २०२५ मध्ये 'द लॅन्सेट हेमॅटॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधकांच्या या थेरपीचं नाव नेक्सकार१९. रक्ताच्या कर्करोगाच्या ज्या रुग्णांवर आधीचे उपचार चालले नव्हते किंवा ज्यांचा आजार उलटला होता, त्यांच्यापैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांनी या थेरपीला प्रतिसाद दिला. बातम्यांचे मथळे याच आकड्याचे झाले.

त्याच निष्कर्षांमध्ये आणखी एक आकडा होता, १२ टक्के. इतक्या रुग्णांमध्ये 'एचएलएच' नावाची गंभीर गुंतागुंत दिसली. यात रोगप्रतिकारक पेशी इतक्या चवताळतात की रुग्णाच्या स्वतःच्या अवयवांनाच इजा होऊ लागते.

म्हणजे कर्करोग मारण्यासाठी जी प्रतिकारशक्ती जागवली, तीच काही रुग्णांसाठी धोक्याची ठरली. हे कसं होतं? कोरोनाकाळात 'सायटोकाइन स्टॉर्म' हा शब्द आपण रोज ऐकला, त्याचा याच्याशी काय संबंध? आणि मग 'इम्युनिटी वाढवा' असं सांगणाऱ्या जाहिरातींचं काय करायचं? समजून घेऊया.

मॅक्रोफेज म्हणजे काय?

मॅक्रोफेज या शब्दाचा अर्थच 'मोठा खाणारा'. मराठीत त्यांना महाभक्षक पेशी असंही म्हणतात. रशियन साम्राज्यात जन्मलेले शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून पाहिला. दुसऱ्या दिवशी त्या काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला होता. शरीरात घुसलेल्या परक्या वस्तूला गिळणाऱ्या पेशी असतात, ही कल्पना तिथून पुढे आली. या कामासाठी १९०८ मध्ये त्यांना पॉल एर्लिख यांच्यासोबत नोबेल मिळालं.

या पेशी शरीरात जवळपास सगळीकडे असतात. फुफ्फुसात त्या धूळ आणि जंतू गिळतात. यकृतात त्यांना कुप्फर पेशी म्हणतात, मेंदूत मायक्रोग्लिया. प्लीहेत त्यांच्याकडे वेगळंच काम असतं. म्हाताऱ्या झालेल्या लाल रक्तपेशी गिळायच्या आणि त्यातलं लोह परत वापरासाठी द्यायचं. आपल्या शरीरात दर सेकंदाला २० लाखांहून अधिक लाल पेशी अशा निकाली निघतात. आपल्याला पत्ताही लागत नाही.

थोडक्यात, मॅक्रोफेज शांत असतात तेव्हा ते सफाई कामगार असतात. जखम भरून काढण्यातही त्यांचा हात असतो. पण धोक्याचा इशारा मिळाला की तीच पेशी रूप बदलते. ती जास्त गिळते, जंतू मारणारी रसायनं तयार करते आणि मदतीसाठी हाका मारायला लागते. याला म्हणतात मॅक्रोफेज सक्रिय होणं. आणि या हाका म्हणजेच सायटोकाइन.

सायटोकाइन काय काम करतात?

सायटोकाइन ही छोटी प्रथिनं असतात. एक पेशी ती बाहेर सोडते, दुसरी पेशी ती आपल्या पृष्ठभागावर झेलते आणि त्यानुसार वागते. व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या मेसेजसारखं. 'इथे जंतू आहे, लवकर या', 'तापमान वाढवा', 'आता पुरे, थांबा' असे वेगवेगळे मेसेज वेगवेगळ्या सायटोकाइनमधून जातात.

यातली काही नावं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ म्हणजे आयएल-६ आणि टीएनएफ हे दाह वाढवणारे. टी-पेशी आणि एनके पेशी सोडतात तो इंटरफेरॉन-गॅमा मॅक्रोफेजला चेतवतो. तर इंटरल्युकिन-१० साधारणपणे प्रकरण शांत करतो.

ताप येतो तेव्हा हेच घडत असतं. आयएल-१, आयएल-६ आणि टीएनएफ यांचा निरोप मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोहोचतो आणि शरीराचं तापमान वर सरकवलं जातं. अंगदुखी, भूक मरणं, पडून राहावंसं वाटणं यामागेही बराचसा हात सायटोकाइनचा असतो. लस घेतल्यावर एखादा दिवस कणकण येते, तीसुद्धा त्यामुळेच.

आयएल-६ यकृतालाही आदेश देतो आणि यकृत सीआरपी नावाचं प्रथिन बनवायला लागतं. २०२०-२१ मध्ये घरोघरी लोक एकमेकांना विचारत होते, 'सीआरपी किती आला?' तो आकडा म्हणजे शरीरात दाहाचे मेसेज किती जोरात फिरतायत याचा अप्रत्यक्ष अंदाज होता.

मग वादळ कसं उठतं?

साध्या संसर्गात हे मेसेज थोड्या काळासाठी, थोड्या भागात फिरतात. जंतू संपला की शांत करणारे मेसेज येतात आणि ग्रुप थंडावतो.

वादळात मात्र साखळी तुटतच नाही. टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा सोडतात. त्याने मॅक्रोफेज चेततात. मॅक्रोफेज आयएल-६, टीएनएफ, आयएल-१ सोडतात. त्याने आणखी पेशी जाग्या होतात आणि पुन्हा मॅक्रोफेजनाच चेतवतात. अफवेचा मेसेज प्रत्येक जण न वाचता फॉरवर्ड करत राहतो, तसं.

मग हे रसायन रक्तातून सगळ्या शरीरभर पोहोचतं. रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागतात, रक्तदाब कोसळतो, फुफ्फुसात पाणी साचतं, मूत्रपिंड आणि यकृत थकतात. चेतलेले मॅक्रोफेज अस्थिमज्जेत निरोगी रक्तपेशीसुद्धा गिळू लागतात. प्लीहेत म्हाताऱ्या पेशी गिळायचं जे रोजचं काम, तेच इथे ताळतंत्र सोडून होतं. एचएलएच, म्हणजे हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस, या अवघड नावाचा पहिला भाग यावरूनच आला आहे. संधिवाताच्या काही प्रकारांमध्ये हेच घडतं, तेव्हा त्याला मॅक्रोफेज ॲक्टिव्हेशन सिंड्रोम म्हणतात. डेंग्यू, स्क्रब टायफस यांसारख्या संसर्गांमध्येही क्वचित अशी गुंतागुंत दिसते.

'सायटोकाइन स्टॉर्म' हा शब्द वैद्यकीय लिखाणात १९९३ मध्ये आला, अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतरच्या गुंतागुंतीच्या संदर्भात. पण त्याची सगळ्यात धक्कादायक झलक मार्च २००६ मध्ये लंडनला दिसली. टीजीएन१४१२ या नव्या औषधाच्या चाचणीत सहा निरोगी तरुणांना ते टोचण्यात आलं. टी-पेशींना थेट चेतवणारं हे औषध होतं. दीड तासाच्या आत सहाही जणांना त्रास सुरू झाला आणि नंतर अवयव निकामी होऊ लागल्याने त्यांना अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. सगळे वाचले. पण या घटनेने एक गोष्ट स्पष्ट केली. त्या तरुणांच्या शरीरात विषाणू नव्हता, कर्करोगही नव्हता. शत्रू नसतानाही प्रतिकारशक्ती एकटीच माणसाला मरणाच्या दारात नेऊ शकते.

एमिली व्हाइटहेड आणि संधिवाताचं औषध

आता पुन्हा कार-टीकडे. या उपचारात रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी काढतात, प्रयोगशाळेत त्यांच्यात जनुकीय बदल करतात आणि परत शरीरात सोडतात. बदललेल्या पेशी कर्करोगाच्या पेशीवरची खूण ओळखून तिच्यावर तुटून पडतात.

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात सहा वर्षांच्या एमिली व्हाइटहेडला हा उपचार मिळाला. तिला ल्युकेमिया होता आणि केमोथेरपीनंतरही तो उलटला होता. पेशी दिल्यानंतर काही दिवसांतच तिला प्रचंड ताप आला, रक्तदाब कोसळला, ती व्हेंटिलेटरवर गेली. रक्ततपासणीत आयएल-६ कितीतरी पटींनी वाढलेला दिसला.

या थेरपीमागचे शास्त्रज्ञ कार्ल जून यांच्या मुलीला लहानपणीचा संधिवात होता. त्यामुळे आयएल-६ ला अडवणारं टोसिलिझुमॅब हे संधिवाताचं औषध त्यांना माहीत होतं. जपानमधल्या ओसाका विद्यापीठाचे तादामित्सु किशिमोटो यांच्या आयएल-६ वरच्या संशोधनातून ते पुढे आलं होतं. ते औषध एमिलीला देण्यात आलं आणि तिची प्रकृती वेगाने सुधारली. कर्करोगही गेला. पुढे ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने पहिल्या कार-टी उपचाराला मान्यता दिली, तेव्हा त्याच दिवशी त्यातून उठणाऱ्या सायटोकाइनच्या वादळावर टोसिलिझुमॅब वापरायलाही मान्यता दिली. उपचार आणि त्याचा ब्रेक, दोन्ही एकत्र.

नेक्सकार१९ ला भारताच्या औषध नियामकाने ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी दिली. एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आयआयटी मुंबईत तिचं लोकार्पण झालं. परदेशातल्या अशा उपचारांच्या तुलनेत ती सुमारे एक दशांश खर्चात मिळते, हा तिचा मोठा फायदा. पण १२ टक्क्यांचा तो आकडा आठवून द्यायला हवा. ही थेरपी द्यायची तर पेशी स्वस्तात बनवून भागत नाही. ताप चढतोय की रक्तदाब पडतोय हे तासातासाला पाहणारं प्रशिक्षित पथक, आयसीयू आणि टोसिलिझुमॅबसारखी औषधं हाताशी असावी लागतात. ती जास्तीत जास्त रुग्णांपर्यंत कधी पोहोचेल, हा प्रश्न या सोयींवरही अवलंबून आहे.

कोरोनाने काय शिकवलं?

कोरोनाच्या बऱ्याच रुग्णांमध्ये पहिला आठवडा विषाणूचा असायचा. प्रकृती बिघडायची ती दुसऱ्या आठवड्यात, आणि तेव्हा फुफ्फुसाचं जास्त नुकसान शरीराचा स्वतःचा दाह करत असायचा.

जून २०२० मध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीने याचं ठोस उत्तर दिलं. डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस देण्यात आलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमध्ये २८ दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आलं. ऑक्सिजनवरच्या रुग्णांमध्ये ते २६.२ वरून २३.३ टक्के झालं.

पण ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना काहीही फायदा झाला नाही. उलट त्या गटात स्टेरॉइड घेतलेल्यांचं मृत्यूचं प्रमाण १७.८ टक्के होतं, न घेतलेल्यांचं १४ टक्के. हा फरक ठामपणे निष्कर्ष काढण्याइतका नव्हता, पण इशारा पुरेसा होता. विषाणूशी लढाई चालू असताना प्रतिकारशक्ती दाबली, तर नुकसान होऊ शकतं.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत हा अर्धा भाग अनेक ठिकाणी विसरला गेला. साध्या तापावर, पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून स्टेरॉइड सुरू झाली. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या प्रिस्क्रिप्शन पाहून लोक मेडिकलमधून गोळ्या आणत होते. दिल्लीच्या एम्सचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी मे २०२१ मध्ये यावर जाहीर इशारा दिला.

त्यानंतर आला म्युकरमायकोसिस, ज्याला लोक 'ब्लॅक फंगस' म्हणू लागले. जुलै २०२१ पर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि महाराष्ट्र, गुजरात ही सर्वाधिक रुग्ण असलेली राज्यं होती. कित्येकांचा डोळा किंवा जबडा काढावा लागला. या बुरशीचे बीजाणू हवेत असतातच. एरवी फुफ्फुसातले मॅक्रोफेज आणि इतर भक्षक पेशी ते संपवतात. पण स्टेरॉइडने या पेशी मंदावतात आणि रक्तातली साखरही वाढते. आधीच मधुमेह असलेल्यांमध्ये बुरशीला रान मोकळं मिळालं. वादळ शांत करायचं औषध, वादळ नसताना घेतलं की पहारेकरीच झोपतात.

त्याच काळात टोसिलिझुमॅबसाठी नातेवाइकांची वणवण चालली होती. तेव्हा हे औषध आयात होत होतं आणि तुटवडा तीव्र होता. प्रत्यक्षात 'रिकव्हरी' चाचणीत ते सरसकट सगळ्यांना दिलेलं नव्हतं. ऑक्सिजनची पातळी घटलेली आणि सीआरपी ७५ किंवा त्याहून जास्त असलेल्या रुग्णांवरच ते तपासलं होतं आणि त्यांच्यात मृत्यू कमी झाले. बाकीच्यांसाठी ते संजीवनी नव्हतंच.

मग सायटोकाइन बंदच केले तर?

यासाठी टीएनएफचं उदाहरण पाहायला हवं. संधिवातात सांध्यांमधले मॅक्रोफेज भरमसाट टीएनएफ सोडतात आणि सांधा झिजत जातो. लंडनमध्ये काम करणारे रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी दाखवलं की टीएनएफ अडवला तर रुग्णाला आराम पडतो. मैनी मूळचे लुधियानाचे. या औषधांनी लाखो लोकांचं आयुष्य बदललं.

पण २००१ च्या सुमारास लक्षात आलं की ही औषधं घेणाऱ्या काहींना क्षयरोग होतोय. कारण मॅक्रोफेजमध्येच दडलं होतं. क्षयाचा जंतू शरीरात शिरला की मॅक्रोफेज त्याच्याभोवती गोळा होऊन गाठीसारखी तटबंदी बांधतात. अनेकांच्या शरीरात जंतू असा वर्षानुवर्षं कोंडलेला असतो आणि ते ठणठणीत असतात. ही तटबंदी टिकवायला टीएनएफ लागतो. तो अडवला की भिंत ढासळते आणि जंतू बाहेर पडतो.

जगात क्षयरोगाचे सर्वाधिक रुग्ण भारतात आहेत. म्हणून अशी इंजेक्शनं सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची तपासणी करतात. 'संधिवाताला टीबीची टेस्ट कशाला?' असं वाटून ती टाळणं महागात पडू शकतं. सांध्यात जो टीएनएफ खलनायक आहे, तोच फुफ्फुसात जेलर असतो.

शरीराकडे स्वतःचा ब्रेक नसतो का?

असतो. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल याच विषयाला मिळालं. मेरी ब्रन्कोव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना ते रेग्युलेटरी टी-पेशींच्या शोधासाठी देण्यात आलं. या पेशी इतर रोगप्रतिकारक पेशींना आवर घालतात, म्हणजे ग्रुपच्या ॲडमिनचं काम करतात. फॉक्सपी३ हे जनुक बिघडलं की त्या नीट तयार होत नाहीत आणि बाळाची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते.

औषधंही आता नेमका एकेक मेसेज अडवू लागली आहेत. इंटरफेरॉन-गॅमाला अडवणाऱ्या एमापालुमॅबला अमेरिकेत २०१८ मध्ये जन्मजात एचएलएचसाठी मान्यता मिळाली. सगळी यंत्रणा दाबण्यापेक्षा बिघडलेली तार ओळखून तेवढीच तोडायची, अशी ही दिशा आहे. अडचण खर्चाची आणि वेळेत निदान होण्याची.

'इम्युनिटी बूस्टर'चं काय?

कुपोषण, जीवनसत्त्वांची कमतरता, अनियंत्रित मधुमेह, अपुरी झोप, तंबाखू यांनी प्रतिकारशक्ती खरोखर बिघडते आणि त्या दुरुस्त केल्याने फायदाही होतो. लस तर प्रतिकारशक्तीला विशिष्ट जंतू ओळखायला शिकवते. पण 'इम्युनिटी वाढते' म्हणजे नेमकं काय वाढतं, हे काढा-गोळ्यांच्या जाहिराती सांगत नाहीत. आयएल-६? टीएनएफ? मॅक्रोफेज? यातलं काहीही नुसतं वाढलं तर काय होतं, ते वर आलंच आहे. चांगली प्रतिकारशक्ती वेळेवर जागी होते, नेमक्या जागी लढते आणि वेळेवर थांबते. ते रेडिओच्या आवाजासारखं बटण फिरवून वाढवता येत नाही.

काय लक्षात ठेवायचं?

ताप लांबतोय, उतरतच नाही, रक्ततपासणीत प्लेटलेट, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी एकत्र घसरतायत, यकृत किंवा प्लीहा सुजलीय, फेरिटिन काही हजारांवर गेलंय, असं चित्र दिसलं तर डॉक्टर एचएलएचचा विचार करतात. अशा वेळी उशीर परवडत नाही. एकट्या फेरिटिनवरून मात्र घरी निदान करू नये, ते इतर अनेक कारणांनीही वाढतं.

स्टेरॉइड हे वाईट औषध नाही. योग्य रुग्णाला योग्य दिवशी दिलं तर ते जीव वाचवतं, हे आकड्यांनी सिद्ध झालंय. पण तो दिवस कोणता, हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचं असतं. शेजाऱ्याला लागू पडलेली चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणायची ही गोष्ट नाही. आणि आधीपासून चालू असलेलं स्टेरॉइड, भीती वाटली म्हणून, आपल्या मनाने अचानक बंदही करायचं नाही. तेही तितकंच धोक्याचं असतं.